पाठची

पहिल्या तीन सिनेमांत माझ्या भावाला तोंडच नव्हतं.
नुसती पाठ.

निवतीला कंपनी आली तेव्हा तो सतरा वर्षांचा,
रापणीच्या दोरीवरचा,
आणि हिरोला काही केल्या होडी मारता येईना.
वल्हं तिरकं घुसे, होडी भोवरा होई,
किनाऱ्यावर हसणाऱ्या आम्हा पोरांना
छत्रीवाल्याने दोनदा हाकललं.
मग हरेश्वरला हिरोचा सदरा चढवला. तो काखेत उसवला.
मग उघडाच बसवला,
हिरो गोरा म्हणून पाठीला पावडर थापून,
जी खाऱ्या पाण्याने तासाभरात उतरली.
तोंड समुद्राकडे ठेव, म्हणाले. काही झालं तरी वळायचं नाही.
बारा रुपये, दोन उकडलेली अंडी,
आणि सदरा शिवून परत द्यायचा.

वर्षाने तो सिनेमा वेंगुर्ल्याच्या तंबूत लागला.
पडद्यामागची तिकिटं निम्म्या दरात.
तिथे अक्षरं उलटी, माणसं डावखुरी,
पण आवशीला वाचता कुठे येत होतं?
होडी आली. पाठ आली. ती पाठ आम्हाला पाठ.
मी आवशीला ढोसलं.
ती बघत राहिली, मग म्हणाली,
"ह्यो माजो झील न्हय.
पाकटाचो काटो त्येका डाव्या खांद्याक लागलेलो."
पडद्यावरचा व्रण उजवीकडे होता.
मी तिचा हात धरून, बांबूखालून, लोकांच्या पायांतून
तिला पुढच्या बाजूला काढलं.
तोवर होडी गेली होती. तिथे हिरोईन रडत होती.

दुसऱ्या दिवशी सुक्या बांगड्यांची टोपली विकून
आम्ही पुऱ्या दराचं तिकीट काढलं.
या खेपेला व्रण जागेवर होता.
आवस एवढंच म्हणाली, "वाळलो गो."

मुंबईहून त्याची कार्डं यायची.
झोपतो सुतारखात्यात, भुश्शावर, ऊब असते.
या महिन्यात दोनदा मेलो,
एकदा विहिरीत, एकदा गोळीने. गोळीचे पाच जास्त.
पुढच्यात माझा उजवा कान दिसेल, नीट बघा.
आम्ही कान बघायला कुडाळला गेलो.
कान दिसला. एसटीचे पैसे वसूल.

चौथ्यात चेहरा मिळाला आणि एक वाक्य:
"साहेब, होडी परत आली नाही."
ओठ त्याचे हलले,
आवाज आला गिरगावातल्या कुणा गुळगुळीत माणसाचा.
त्याचा हेल म्हणे कापावा लागला,
पापलेटाचे पर कापतात तसा.
बाबा खुर्चीवरून उठले, काळोखात मोठ्याने विचारलं,
"आणि ह्येचो आवाज खंय?"
मागून कुणीतरी खाली बसा म्हणालं.

आता त्याच्या नावाची पाटी आधी येते,
आवाजही त्याचा त्याला परत मिळालाय, थोडा घासून.
मुलाखतीत विचारतात, पहिली भूमिका कुठली,
तो चौथ्या सिनेमाचं नाव सांगतो.
सांगू दे.

मी नऊ वर्षांची, तिथे होते, खडपावर.
होडी लांब चालली होती,
ऊन असं, की तो आहे की हिरो ते मलाच कळेना,
आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले,
हरेश्वर, वळ रे!
छत्रीवाला धावून आला.
पाण्यावर वल्हं क्षणभर अडलं,
खांदा इतकासा हलला,
आणि मग पुन्हा वल्हं, पुन्हा वल्हं.

सिनेमात ते अडणं तसंच आहे.
कापलं नाही कुणी.